चेल्सीच्या भिंती उभ्या राहिल्या सैनिकांच्याच पगारातून

लंडनच्या रॉयल हॉस्पिटल चेल्सीवरचा लेख आवडला, पण प्रेयसी असलेल्या नेल ग्विन या अभिनेत्रीच्या आग्रहामुळे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हे निवृत्त सैनिकांचं घर बांधलं, ही गोष्ट त्यात इतिहास म्हणून आली आहे. ती दंतकथा आहे. लष्कराच्या पगाराचा हिशेब सांभाळलेल्या सर स्टीफन फॉक्स यांनी यासाठी खटपट केली, स्वतःचे पैसेही घातले. त्याच काळातल्या जॉन एव्हलिन या लेखकाच्या रोजनिशीत या खटपटीच्या नोंदी सापडतात. पॅरिसचं 'लेझँव्हालिद' आणि डब्लिनचं किल्मेनहॅम ही सैनिकांसाठीचीच घरं नमुना म्हणून समोर होतीच.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशांची बाजू. राजाने १६८२ साली पायाभरणी केली खरी, पण बांधकामाचा मोठा खर्च भागला तो सैनिकांच्या पगारातून होणाऱ्या कपातीतून. म्हणजे हा आसरा त्यांनी स्वतःच्या कमाईतून उभा केला होता. त्याला राजाची दया म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वास्तुरचना क्रिस्टोफर रेन यांची. १६९२ मध्ये पहिले रहिवासी आले तेव्हा प्रत्येकाला मिळालेली खोली जेमतेम सहा फूट लांब, सहा फूट रुंद! विसाव्या शतकाच्या मध्यावर ती नऊ फुटांची झाली, तीही अपुरीच. भव्य अंगण आणि देखणं चॅपल यांचे फोटो सगळेच देतात, या खोल्यांबद्दल मात्र लेखात एक ओळ तरी हवी होती.

स्त्री-सैनिकांना तिथे राहायला प्रवेश मिळाला तो थेट २००९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी केलेली सेवा पाहता इतका उशीर मनाला लागतो.