कुटुंबवत्सल विभागप्रमुखांसाठी दोन शब्द

विभागप्रमुख झालात, अभिनंदन. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ‘कुटुंबस्नेही धोरण’ अशी एक फाइलही हाती आली असेल. तिला बिचकू नका. संशोधक बायकांना त्यात बरंच काही दिलेलं दिसेल, पण थोडं धीरानं वाचलंत तर ते न देण्याची सोयही तिथंच सापडते.

बालसंगोपन रजाच घ्या. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला अख्ख्या नोकरीत 730 दिवस; पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे ऐंशी टक्क्यांवर. छातीत धस्स झालं ना? खाली वाचा. ही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असं नियमातच लिहिलंय. अर्ज आला की ‘सेमिस्टर संपू दे, मग बघू’ म्हणायचं. सेमिस्टर कधीच संपत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि तिलाही.

बापांचं त्याहून सोपं. बाप झाल्यावर मिळणारी रजा पंधरा दिवस. त्यातले चार सासुरवाडीच्या खेपांत जातात, दोन जन्मदाखल्याच्या रांगेत. 2018 पासून बालसंगोपन रजा पुरुषालाही मिळते, पण तो मूल एकट्यानं वाढवत असेल तरच. घरात बायको धडधाकट असताना बापानं लंगोट बदलायचं कारणच काय, इतका स्वच्छ विचार सरकारी कागदात क्वचित सापडतो.

मुलाखतीला बसाल तेव्हा हा विचार फार उपयोगी पडेल. समोर एक बाई, एक बुवा. पेपर सारखेच, शिफारसपत्रंही सारखीच. पण ती 730 दिवस जाऊ शकते आणि तो पंधरा. ‘लग्नाचं काय?’ असं थेट विचारू नका, हल्ली तक्रार होते. ‘पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठं बघता?’ असं विचारायचं आणि मंगळसूत्राकडे बघायचं.

कुणी शहाणा म्हणेलच, मग दोघांनाही सारखं द्या की. जरूर द्या! अमेरिकेत देऊन झालंय. तिथं प्राध्यापकाला कायम करण्याआधी काही वर्षांचं घड्याळ लावतात, आणि मूल झालं की ते थांबवण्याची सवलत बऱ्याच विद्यापीठांनी आई आणि बाप दोघांनाही दिली. नावाजलेल्या अर्थशास्त्र विभागांत त्याचं काय झालं, याचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला. ही सवलत आल्यावर त्या विद्यापीठांत कायम होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. आईचं जादा वर्ष दुपटी धुण्यात गेलं, बापाचं जर्नलांत लागलं. तेव्हा ‘समान’ हा शब्द धोरणात ठळक टाइपात छापायला अजिबात कचरू नका.

प्रोजेक्टवरच्या पोरींची तर काळजीच करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, 2016 मध्ये पीएचडी करणाऱ्या मुलींना 240 दिवसांची रजा दिली, वर प्रबंधाला दोन वर्षं वाढवून दिली. मुदत वाढली म्हणजे फेलोशिपही वाढली, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. प्रोजेक्ट 31 मार्चला बंद होतो आणि बाळ काही आर्थिक वर्ष बघून येत नाही. फक्त एक खडा लागायची भीती आहे. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचे लाभ पुढंही द्यावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलंय. निकालपत्र इंग्रजीत आहे, लांबलचक आहे. नोटीसबोर्डावर लावायची काही घाई नाही.

एवढं करूनही ती गेली, तर वाईट वाटून घेऊ नका. खंड पडलेल्या वैज्ञानिक महिलांना परत आणायची योजना विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं 2002 पासूनच काढलेली आहे. आपण बाहेर काढायचं, दिल्लीनं परत आणायचं. कामाची वाटणी ठरलेली आहे.

रजेवर गेलेल्या बाईची प्रॅक्टिकल्स कोण घेणार, हा प्रश्न मात्र उरतो. विभागात एखादा बिनलग्नाचा किंवा मूलबाळ नसलेला सहकारी असतोच. सुपरव्हिजन, रविवारची परीक्षा, प्रवेशाचं काम, सगळं त्याच्या गळ्यात मारा. ‘तुला काय, घरी कोण वाट बघतंय?’ हे वाक्य हसत हसत म्हणायचं. त्याला आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला न्यायचं असेल, तर ती त्याची खासगी बाब. आपलं धोरण कुटुंबस्नेही आहे, आणि कुटुंब म्हणजे पाळणा. बदली माणूस नेमायला पैसे मागितलेत तर अकाउंट्सवाले तुमच्याकडेच संशयानं बघतील. त्यापेक्षा रजेवरची आणि तिचं काम ओढणारा यांना एकमेकांवर धुसफुसू द्या. दोघांपैकी कुणीही वर चढून तुमच्या केबिनपर्यंत येत नाही.

भाषणांचं तारतम्य तेवढं सांभाळा. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सी. व्ही. रामन यांच्यावर बोला. 8 मार्चला, महिला दिनी, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर बोला: केंब्रिजची पीएचडी, पुढं मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक. 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा बाई म्हणून तिथल्या संचालकांनी, म्हणजे रामन यांनीच त्यांना दारातून परतवलं होतं. त्या हटल्या नाहीत, म्हणून शेवटी एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ही गोष्ट दोन्ही भाषणांच्या मधल्या आठवड्यात बसवा.

आता पाळणाघर. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत ते हवंच, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं, असं प्रसूती लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनं आलं. जिन्याखालच्या खोलीला पिवळा रंग द्या, भिंतीवर मिकी माऊस काढा, फीत कापा. बंद व्हायची वेळ पाच ठेवा आणि विभागाचं सेमिनार साडेपाचला.

चार वेळा जाणं कुणाला जमतं म्हणा! एका संस्थेत मी बघितलंय, आतून कडी लागणारी खोली एकच होती, मायक्रोस्कोपची डार्करूम. बाहेर ‘काम चालू आहे’चा लाल दिवा, आत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली संशोधक, आणि तिचा ब्रेस्ट पंप. लॅबच्या फ्रीजवर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी, म्हणून बाटली ऑफिसातल्या फ्रीजमध्ये, शिपाईमामांच्या ताकाशेजारी. लॅबच्या शिस्तीप्रमाणे तिनं बाटलीवर मार्करनं नाव, तारीख, वेळ लिहिली होती, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘सँपल नाही’.

वार्षिक अहवालात अशा कल्पकतेचं कौतुक जरूर करा. मिकी माऊसच्या फोटोखाली दोन ओळींची जागा असते.