पन्नाशीनंतर स्टिअरिंग धरू नये म्हणे!

'पन्नाशीनंतर गाडी शिकणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या गोव्यातल्या घराघरांत फिरतोय. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. मीही वाचून सोडून दिला होता. पण मग माझ्या भाच्याने तो बंगळुरूहून स्वतःच्या आईला पाठवला, खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि 'आई, प्लीज वाच'. ताईने वाचला आणि ड्रायव्हिंग क्लासवाल्याला फोन करून सांगितलं, पावसानंतर बघू.

ताई सत्तावन्न वर्षांची आहे, साखळीजवळच्या गावात राहते. भावोजींना काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, बाजूचं दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीय. तपासणीला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जावं लागतं. गाडी दारात ताडपत्रीखाली उभी. अशा बाईने गाडी शिकायची नाही तर कुणी शिकायची?

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. पन्नाशीनंतर मेंदू नवीन काही शिकत नाही. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या मेंदूतला 'पेडल ओळखण्याचा भाग' निकामी होतो आणि त्या ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतात. नव्या कायद्याने पंचावन्ननंतर नवीन लायसन्स मिळत नाही, आणि मिळालंच तर विमा मिळत नाही. देशातले बहुतेक अपघात वयस्क नवशिक्यांमुळे होतात. तेव्हा मुलांनी आईवडिलांच्या हातातून किल्ल्या काढून घ्याव्यात. शेवटी मंगळवारबद्दल एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येते. सही 'एका ज्येष्ठ न्यूरोसर्जनची'. नाव नाही, इस्पितळ नाही, गाव नाही.

कायद्याचं आधी उरकते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या चौथ्या कलमात किमान वय दिलंय, मोटारीला अठरा. कमाल वय अख्ख्या कायद्यात नाही. ही अफवा कुठून उगवली असेल ते मात्र कळतं. २०१९ च्या दुरुस्तीने चौदावं कलम बदललं. आता तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर वयाच्या साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचं मिळतं. 'पाच वर्षांचंच मिळतं' यातलं 'पाच वर्षांचंच' कुणीतरी गाळलं आणि 'मिळत नाही' करून पुढे ढकललं. चाळिशी ओलांडली की डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-ए. दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा लागत असेल तर चष्म्यासकट, असं त्यात साधं सरळ विचारलंय. ताईला येते. मला चष्मा काढून येत नाही, आणि मी गेली कित्येक वर्षं गाडी चालवतेय.

विम्याचं तर एका ओळीत. विमा कंपनी बघते ती लायसन्स वैध आहे की नाही. शिकाऊ लायसन्स असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा आणि गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' हवा. (भावोजींकडे पक्कं लायसन्स आहे. तरी त्यांनी शेजारी बसून सूचना देऊ नयेत, ही माझी जोडसूचना.)

आता तो पेडलचा मुद्दा, ज्याने माझं डोकं खऱ्या अर्थाने फिरलं. मेंदूत 'पेडल ओळखण्याचा भाग' नावाची काही चीज नसते. रजोनिवृत्तीत झोप उडते, घाम फुटतो, कधी कधी शब्द आठवत नाहीत, हे कुठलीही बाई सांगेल. त्यावरून उजव्या पायाला अक्कल राहत नाही हा निष्कर्ष काढायला न्यूरोसर्जन नको, नाक्यावरचा कुणीही चालेल. संतापाची गोष्ट ही की ताईने संदेशातलं बाकी सगळं हसण्यावारी नेलं आणि नेमकं हेच खरं मानलं. कारण क्लासला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिचा पाय खरोखरच चुकला होता.

पाय चुकतो. याचा अभ्यासही झालाय. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१२ साली ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याने होणाऱ्या अपघातांवर अहवाल काढला. त्यात दोन वयोगट ठळकपणे पुढे आले: सोळा ते वीस, आणि शहात्तरच्या पुढचे. सत्तावन्न या दोन्हींत बसत नाही. मात्र अशा अपघातांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं, हेही त्याच अहवालात आहे. मला ते आवडत नाही, पण लपवून चालणार नाही. फक्त त्याचं कारण गर्भाशयात शोधण्याआधी एकदा सीटखाली वाकून बघा.

मी बघितलं. ताईची उंची पाच फुटांच्या आत. क्लासच्या गाडीची सीट तिच्या आधी आलेल्या उंच मुलाने मागे सरकवलेली, आणि ही संकोचाने काही न बोलता तशीच बसायची. पाय पूर्ण ताणल्यावर पेडलला फक्त चवडा टेकायचा, टाच हवेत. टाच हवेत असली की पायाला ठाव राहत नाही. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाताना अख्खा पाय उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाचा उचललेला पाय कुठे पडेल ते सांगता येत नाही. वर पायात गुळगुळीत तळव्याच्या चपला. खरी रीत अशी: सीट इतकी पुढे घ्यायची की ब्रेक तळाशी दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठीला उशी लागत असेल तर लावायची, लाज कसली? उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवायची आणि तिथेच ठेवून चवडा तेवढा उजवीकडे वळवायचा. वेग द्यायला वळायचं, थांबायला सरळ व्हायचं. मग गोंधळ झालाच तर पाय आपसूक ब्रेकवर येतो. गियरची गाडी असो की ऑटोमॅटिक, डावा पाय ब्रेकच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही.

हे क्लासवाल्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्याचा एकच मंत्र, "बाय, मुखार पळय, पांयांक पळोवं नाका." (बाई, समोर बघ, पायांकडे बघू नको.) मंत्र चांगला आहे, पण आधी पाय पोचायला हवेत ना! एक बरं, क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, तसा नियमच आहे. म्हणून ताईची गाडी पाय चुकूनही दोन हात पुढे जाऊन थांबली. कुंपणाला ओरखडा नाही, कोंबडीला धक्का नाही.

'बहुतेक अपघात वयस्क नवशिक्यांमुळे' याला आधार शून्य. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघात अहवाल कुणालाही उघडून वाचता येतो. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ६६.५ टक्के अठरा ते पंचेचाळीस वयाचे. गेलेले सगळे गाडी चालवणारे नव्हते हे मान्य, त्यामुळे चूक कुणाची ते या एका आकड्यावरून ठरत नाही. पण पुढचा आकडा कारणाचाच आहे: ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत. चढावावर हाफ क्लचमध्ये गाडी मागे सरकेल म्हणून रडकुंडीला येणारी, तिसरा गियर टाकला की हात जोडणारी बाई अतिवेगाच्या हिशेबात कशी बसवणार? दोडामार्ग-डिचोली रस्त्यावर संध्याकाळी उभं राहा आणि कोण कसं चालवतं ते पाहा. लाल एलवाली गाडी तुमच्या पुढे असेल, तुम्हाला उशीर होईल, तुम्ही चरफडाल. मराल ते तिला ओव्हरटेक करायला गेलात तर.

मेंदूचा मुद्दा. इथे अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. वय वाढतं तशी प्रतिक्रिया मंदावते. विशीतला पोरगा ज्या गोष्टी हातापायांनी उचलतो त्या पन्नाशीत डोक्यातून न्याव्या लागतात, म्हणून क्लास जास्त दिवस लागतो, आणि 'पंधरा दिवसांत गाडी'वाल्या पाटीला भुलू नये. रात्री समोरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांनी डोळे दिपतात आणि सावरायला वेळ लागतो, हे तर मलाही जाणवतं. पहिला पावसाळा तरी रात्रीची गाडी नको आणि मोतीबिंदूची तपासणी आधी, हे मी ताईला स्वतःच सांगितलंय.

पण हिशेब करून बघा. ताशी चाळीसने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर कापते. ताईचा पाय ब्रेकवर जायला सव्वा सेकंद लागला असं धरलं तर गाडी तोवर चौदा मीटर जाईल. ताशी साठने येणारा पोरगा एका सेकंदात ब्रेक मारतो असं धरा, तोवर तो सतरा मीटर पुढे आलेला असतो. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे त्याला तिच्या सव्वादोन पट. तल्लख मेंदू घेऊन तो तिच्या कितीतरी पुढे जाऊन आदळेल.

आणि किल्ल्या काढून घ्या म्हणणाऱ्यांना विचारायचंय की मग जायचं कसं? हा माणूस गोव्याच्या गावात राहिलेला नाही. संध्याकाळ कलली की खाजगी बस विरळ होतात, मग बंद. पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा, बाजारात आणि तिठ्यावर भेटतो, आपल्या वाड्यावर नाही. मग शेजारचा पोरगा 'काकी, बस मागे' म्हणतो आणि ताई साडी सावरत, डोक्यावर काही नसताना, त्याच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते. त्याच २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घालता मेलेले दुचाकीवरचे ५०,०२९ आहेत, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले. हा धोका त्या संदेशात कुठेच नाही. पत्र्याच्या पेटीत, पट्टा लावून, चाळीसने जाणारी बाई तेवढी मृत्यूला आमंत्रण देते!

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मला आईची काळजी वाटली म्हणून पाठवलं." वाटणारच, पोर चांगलं आहे. पण चतुर्थीला येतो तेव्हा हाच मुलगा आईला स्कूटरवर मागे बसवून साखळीच्या बाजारात नेतो, आणि हेल्मेट हँडलला लटकत असतं. मी तेवढं बोलून दाखवलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

राहता राहिला मंगळवार. संदेशाच्या शेवटी लिहिलंय की शिकायचंच असेल तर मंगळवारी सुरुवात करू नये, तो लोखंडाला वर्ज्य. यावर मी वाद घालत नाही. क्लासवाल्याकडे सकाळी सातची वेळ मंगळवारपासूनच मोकळी होती, ती ताईने घेतली. उशी मी दिली.