कोल्हापूरची हिरॉईन 'मी आलो' कधी म्हणणार?

परवा रात्री जेवणं झाल्यावर आई शेंगा फोडत टीव्हीसमोर बसलेली. कुठल्याशा नवीन मालिकेचा प्रोमो लागला. हिरॉईन अंबाबाईच्या देवळातनं बाहेर येते, हातात ताट, आणि म्हणते, "मी निघते हं, उशीर होतोय." आईनं मान वर न करता सांगितलं, "ही न्हाई हितली."

विषय संपला. तीन शब्दांत रिव्ह्यू.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं बायकाही 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. आज्जी म्हणायची, आई म्हणते, घरात मीही म्हणते. शाळेत बाईंनी वहीवर लाल रेघा मारून 'आले, गेले' करायला लावलं, म्हणून ही पोस्ट अशी सोवळ्यात लिहितेय. पुण्याला शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी 'थांबा, मी पण येतो' म्हटलं आणि अख्खी खोली हसली. पुढं दोन वर्षं मी बोलायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायची. एवढी खास गोष्ट, आणि कोल्हापूरच्या म्हणवणाऱ्या मालिकांतल्या हिरॉईनच्या तोंडी मी तरी कधी ऐकली नाही. तसंच 'काय करालाईस?', 'जेवालोय'. हे 'करालाय-बघालाय' काढलं तर कोल्हापुरी उरतं काय? मालिकेत मात्र 'करतुया', 'व्हय जी', 'म्या' अशी एक सरसकट गावरान भाषा असते. ती साताऱ्याला चालते, नगरला चालते, कुठंही चालते. म्हणजे कुठलीच नसते.

'तुझ्यात जीव रंगला'च्या फॅन्सनी लगेच अंगावर येऊ नका, मी पण तुमच्यातलीच. २०१६ च्या ऑक्टोबरपासून रोज साडेसातला आमच्याकडं कुकरसुद्धा लावत नव्हते, शिट्टीत डायलॉग जातो म्हणून. राणादा आवडायचा, आणि वहिनीसाहेब आल्या की आई खरोखरच्या शिव्या द्यायची. वसगडेचा वाडा बघायला लोक गाड्या करून जायचे, आम्हीही गेलोय. पण २०२१ पर्यंत मालिका ओढली, आणि शेवटी हातात काय राहिलं? 'चालतंय की'. अजूनही पुण्या-मुंबईचं कुणी भेटलं आणि मी कोल्हापूरची म्हणून कळलं की पहिलं वाक्य तेच. दुसरं, 'मग तांबडा-पांढरा रोज का?' रोज कुठला? आमच्यात सोमवार, गुरुवार, शनिवार घरात वशाट शिजत नाही.

त्याच २०१६ मध्ये, एप्रिलात, 'सैराट' आला होता. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, रिंकू राजगुरू अकलूजची. आर्ची तोंड उघडते तेव्हा ती नेमकी कुठली हे कळतं, आणि तरी अख्ख्या महाराष्ट्राला ती समजली. त्यामुळं 'खरी बोली प्रेक्षकांना कळणार नाही' हे कारण मला कुणी देऊ नये.

आणि पैलवान! कोल्हापूरचा हिरो म्हटला की लाल माती, भोळा चेहरा, इंग्रजी आलं की घाम. तालमी आहेत, कुस्ती आहे, खासबागेच्या कुस्ती मैदानाचा अभिमान आहेच. पण इथल्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत हे कुणाला दाखवावंसं का वाटत नाही? पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ असली की शाहू स्टेडियमच्या बाजूला गाडी घालायची सोय नसते. माझ्या मामाच्या घरात दोन भाऊ दोन तालमींचे, मॅचच्या दिवशी एकमेकांशी बोलत नाहीत. सासू-सुनेचं भांडण सहाशे एपिसोड चालवता, ह्याच्यावर तर हजार निघतील. विषय हार्ड आहे राव.

राग येतो तो ह्यासाठी की आम्ही सिनेमाला नवखे नाही. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. प्रभात १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथं झाला, मग १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. (गेली ती गेलीच.) भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' लागला की आई अजूनही गॅस बारीक करून येऊन बसते. ज्या गावात मराठी बोलपटानं पहिले शब्द उच्चारले, त्या गावाची बोली पडद्यावर पोचायला अजून किती वर्षं लागायची?

लेखकांना एवढंच म्हणणं आहे, देवळाचे आणि रंकाळ्याचे ड्रोन शॉट बास झाले. एक दिवस महाद्वार रोडला उभं राहून बायका भाव कसा करतात ते नुसतं ऐका. कॉपीराईट कुणाचा नाही, फुकट आहे.

बरं, थांबते. आतनं आई ओरडालीय, "काय बघालीस त्या फोनात? सुरू झाली की गं!"

आलो, आलो.