बंडखोर पोसावेत कसे?

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका भेटेल त्याला गाठून सांगतायत, ‘‘शेजारच्या देशातल्या बंडखोरांना गुपचूप पैसा पोचवा, बंदुका पोचवा, सहा महिन्यांत खेळ खलास!’’ परवा लिफ्टमध्ये माझी पाळी आली. तेव्हा म्हटलं, हौस असणाऱ्यांना रीतसर मार्गदर्शन करावं. अनुभव आपल्या घरचाच आहे.

एकच गट पोसू नका, चार-पाच पोसा. १९८३नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांसाठी आपण डेहराडूनजवळच्या चक्रात्याला, तमिळनाडूत प्रशिक्षण छावण्या काढल्याच होत्या. स्पर्धा कशी निकोप! १९८६मध्ये वाघांनी, म्हणजे प्रभाकरनच्या ‘लिट्टे’नं, ‘टेलो’ या दुसऱ्या तमिळ गटाचा नेता सबारत्नम याच्यासकट शेकडो माणसं मारून ती स्पर्धाच निकालात काढली. ‘प्लोट’ या आणखी एका तमिळ गटाची भाडोत्री पोरं १९८८मध्ये मालदीव बळकवायला निघाली, तेव्हा आग्र्याहून विमानं कुणी धाडली? आपणच.

दिल्लीचा हिशेब वेगळा, मद्रासचा वेगळा ठेवा. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर प्रभाकरनला परस्पर कोट्यवधी देत होते.

आपल्या पैशावाचून बंडखोरांचं पान हलत नाही, असं छातीठोक समजा. कॅनडा, ब्रिटन, स्वित्झर्लंडमधल्या तमिळ घरांतून होणारी वसुली, जाफन्यातले कर, स्वतःची मालवाहू जहाजं, तिकडे बघूच नका.

आणि दोस्त सरकारवर डोळे मिटून विश्वास टाका. जुलै १९८७मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धनेंशी करार करून आपली शांतिसेना गेली. ऑक्टोबरात ती आपणच तयार केलेल्या वाघांशी लढत होती. मग आले प्रेमदासा. ज्या देशाच्या सरकारशी करार, त्याच्याच राष्ट्राध्यक्षानं १९८९मध्ये वाघांना शस्त्रं दिली. कुणाविरुद्ध? आपल्या जवानांविरुद्ध! आपली फौज मार्च १९९०मध्ये परतली आणि जूनमध्ये वाघ श्रीलंकेच्याच फौजेवर उलटले. १ मे १९९३ला त्यांच्याच मानवी बॉम्बनं प्रेमदासांचे तुकडे केले. श्रीपेरुंबुदूर, म्हणजे राजीव गांधींची हत्या, तर त्याआधीच होऊन गेलं होतं.

पुरे ही थट्टा. बाराशेच्या आसपास जवान गेले हो तिथं! मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ला छातीत गोळी लागूनही लढत राहिले, परमवीर चक्र मिळालं ते मेल्यावर. ज्या संघटनेनं त्यांना मारलं, तिला बंदूक धरायला आपणच शिकवलं होतं. या माणसाचं नावही ठाऊक नाही आणि लिफ्टमध्ये उभं राहून बंडखोरांना रसद वाटता? लाज कशी वाटत नाही!