डाळीवरचा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड नव्हे

“कुकरमध्ये डाळ शिजवू नका. वर येणारा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड. कुकरमध्ये तो काढता येत नाही, पोटात जातो आणि गुडघे धरतात. आजी पातेल्यातल्या डाळीचा फेस काढायची, म्हणून ठणठणीत होती.” हा मेसेज वाचून माझ्या मावशीने वरण-भात सोडला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आधी फेसाचं बघू. तूरडाळ गार पाण्यात चोळून धुवा. गॅस पेटवायच्या आधीच पाणी फेसाळतं. ही करामत डाळीतल्या प्रथिनांची आणि सॅपोनिन नावाच्या द्रव्यांची. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो, दुसरा पाण्यापासून दूर पळतो. त्यामुळे हे रेणू हवेच्या बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात आणि बुडबुडा लवकर फुटत नाही. रिठ्याचा, शिकेकाईचा फेसही सॅपोनिनचाच. डाळ उकळताना त्यात स्टार्च मिसळतो आणि फेस दाट, चिकट होतो.

युरिक अ‍ॅसिड पातेल्यात तयार होत नाही. ते आपल्या शरीरात, मुख्यतः यकृतात, प्युरिन नावाच्या घटकांपासून बनतं. डाळीत प्युरिन असतात, हे खरं. पण ते फेसात गोळा होत नाहीत, डाळीत आणि तिच्या पाण्यात राहतात. म्हणजे फेस काढून टाकल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००४ साली ४७,१५० पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांमध्ये गाउटचा, म्हणजे सांध्यांत युरिक अ‍ॅसिडचे खडे साठून होणाऱ्या संधिवाताचा, धोका वाढलेला दिसला. वाटाणे, शेंगवर्गीय दाणे, मसूर अशा प्युरिनयुक्त भाज्या-कडधान्यांमुळे तो वाढलेला दिसला नाही. ज्यांना गाउट आहेच, त्यांनी पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवावं, मेसेज वाचून नाही.

आणि आजी? फेस ऊतू गेला की चूल विझायची, म्हणून ती तो काढायची. पुरणाच्या डाळीचं तेच पाणी मात्र ती कटाच्या आमटीला जपून ठेवायची!

कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. त्याने डाळीतली प्रथिनं, काहीजण म्हणतात तशी, ‘मरत’ नाहीत. त्यांच्या घड्या उलगडतात आणि ती पचायला सोपी होतात. कच्च्या डाळीत पचनात अडथळा आणणारे काही घटक असतात, तेही या उष्णतेने बरेचसे निकामी होतात.

फेसाची काळजी करायची ती वेगळ्याच कारणासाठी. तो शिट्टीच्या नळीत अडकला तर वाफेची वाट बंद होते. डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला आणि नळी रोज धुवा.