स्पेस काढली की पाइप सुरळीत? नाही

लिनक्सवर आज्ञा टाइप करून फाइली हाताळणाऱ्यांत सध्या फिरणारा सल्ला असा: फाइलच्या नावातल्या स्पेसच्या जागी अंडरस्कोर घाला, मराठी नावं टाळा, मग फाइंडचा (फाइली शोधणारी आज्ञा) पाइप (एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणारी जोडणी) एक्सआर्ग्जला (आलेली नावं पुढच्या आज्ञेला पुरवणारी आज्ञा) बिनधास्त जोडा.

स्पेस हा एकच शत्रू नाही. एक्सआर्ग्ज स्पेस, टॅब नि नव्या ओळीवर नाव तोडतो, शिवाय अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅशलाही खास अर्थ लावतो. गोव्यात घरपट्टीच्या पावत्या स्कॅन करून ठेवल्या, की फोल्डरात डि'सोझा, डि'मेलो येणारच. ‘डि'सोझा_घरपट्टी.पीडीएफ’मध्ये स्पेस नाही, तरी एक्सआर्ग्ज ‘अवतरण जुळत नाही’ म्हणत अडतो. अंडरस्कोरचा उपाय तर घातकच: ‘घरपट्टी 1’ आणि ‘घरपट्टी_1’ दोन्ही असतील, तर एमव्ही (नाव बदलणारी आज्ञा) न विचारता एकीवर दुसरी चढवतो. करायचंच तर -एन (असलेल्या फाइलवर चढवू नको) लावून.

लिनक्सवर नावात फक्त स्लॅश नि शून्य बाइट चालत नाहीत. नवी ओळसुद्धा चालते. म्हणून दोन नावांमध्ये शून्य बाइटच (शून्य किमतीचा बाइट) हवा (टाइप अर्थात रोमनमध्ये करायचं):

फाइंड . -टाइप एफ -प्रिंट0 | सॉर्ट -झेड | एक्सआर्ग्ज -0 एलएस -एल

-प्रिंट0, -झेड आणि -0 यांमुळे तिन्ही आज्ञा नावं शून्य बाइटने वेगळी करतात. मधलं एक जरी हत्यार ओळीओळीने वाचणारं निघालं, तरी साखळी तुटते. ग्रेपने (मजकूर गाळणारी आज्ञा) यादी गाळताना छोटा झेड लावा. मोठा झेड फक्त ग्रेपने छापलेल्या फाइलनावांनंतर शून्य बाइट लावतो. ही चूक फार होते.

‘नाव अवतरणात घाला’ हा सल्लाही अर्धवट. एसएच -सी (दिलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवतं) च्या मजकुरातच {} (फाइंड जिथे फाइलचं नाव भरतो ती खूण) कोंबलं, तर नावातलं अवतरण बाहेरचं अवतरण बंद करतं आणि उरलेलं नाव आज्ञा म्हणून चालतं. {} मजकुराबाहेर, एका भरीच्या शब्दानंतर (तो $0 होतो) वेगळा अर्ग्युमेंट म्हणून द्या, आत "$1" वापरा.

मराठी नावांवरचा आळ तर खोटाच. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, आणि त्यातला एकही बाइट स्पेस, स्लॅश किंवा अवतरणाशी जुळत नाही. मर्यादा लांबीची: एक्स्ट4 (लिनक्सची फाइल साठवायची रचना) वर नाव जास्तीत जास्त 255 बाइटचं, म्हणजे काना-मात्रा धरून 85 चिन्हं.

खरी मेख ‘ऱ’मध्ये. ‘मिरामार_किनाऱ्यावर’ दोन प्रकारे साठवता येतं: ऱ एकसंध, किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब). जुन्या मॅकची फाइल-रचना एचएफएस प्लस दुसरा प्रकार ठेवते. दिसायला नाव तेच, पण तिथून आणलेली फाइल एकसंध ऱ टाइप करून शोधली, तर फाइंडला सापडत नाही. कन्व्हएमव्ही (नावांची साठवण बदलणारी आज्ञा) --एनएफसी ने नावातला ऱ एकसंध होतो. मात्र --नोटेस्ट दिल्याशिवाय तो नुसतं काय बदलेल ते दाखवतो.