कागद सोडून कायपण मागा

सुट्टीला कोल्हापुरात आलो की घरी पोरं येतात. कुणाचा भाऊ मेकॅनिकल करून जर्मनीला निघालेला, कुणाची बहीण नर्स म्हणून. प्रश्न ठरलेला, "दादा, तिथं उतरल्यावर पहिलं काय करायचं?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच काढतो. त्यात गेल्या रविवारी घरातच एक प्रकार झाला. त्याचं शेवटी सांगतो.

तर पहिलं काम टॅक्सच्या नंबराचं. आपल्याकडं पॅन, तसा तिकडं श्टॉयर-आयडी. अकरा आकडे, एकदा मिळाला की जन्मभर तोच. आपल्या पॅनमध्ये निदान चौथं अक्षर व्यक्तीचं आणि पाचवं आडनावाचं असतं, त्यामुळं आम्हा पाटलांच्या कार्डावर पी-पी असे दोन पी मिरवतात. तिकडच्या अकरा आकड्यांवरून तुम्ही पाटील की माने, काही कळत नाही. असो. तो कसा मिळवायचा, याची माझी स्वतःवर करून बघितलेली पद्धत देतो. जशीच्या तशी पाळा.

जायच्या आधी नियम वाचत बसू नका. कट्ट्यावर विचारा. प्रत्येक कट्ट्यावर एक जण असतो ज्याचा मेहुणा दुबईत आहे. दुबईत पगारावर इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळं त्याचा सल्ला कसा एकदम बिनटेन्शनचा असतो.

बॅगेत आधी कांदा-लसूण चटणी भरा. जागा उरली तर कागदपत्रं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. घर शोधताना आपला माणूस शोधा. परक्याच्या दारात कशाला जायचं? मला असाच सापडला. मराठी, आपल्याच जिल्ह्यातला, आमच्या मामाच्या गावापासनं वीस किलोमीटरवरचा. फोनवरच म्हणाला, "कोल्हापूरचा ना तू? मग विषयच हार्ड. ये बिनधास्त." भाडं सहाशे युरो, रोख. पावतीचं विचारलं तर हसला. आपल्यात कसली पावती! पहिल्या रात्री त्यानं तांबडा रस्सा केला होता. परदेशातल्या त्या थंडीत पहिला भुरका मारला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं असणार, असं आता वाटतं.

तिथं राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घर देणाऱ्याचा एक कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे नाव म्हणून होईपर्यंत मिसळीचा कट गार होतो, पण कागद आहे अर्ध्या पानाचा. घर देणाऱ्याचं नाव, पत्ता, कोण राहायला आलं, कोणत्या तारखेला आलं, खाली सही. भाड्याचा आकडासुद्धा लिहायचा नसतो. ही नोंद झाली की नंबरासाठी वेगळा अर्ज नाही की खेटे नाहीत. बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयातून काही आठवड्यांत पत्र घरी येतं. म्हणजे सगळी गाडी अडते ती या अर्ध्या पानावर.

तर हा कागद आपल्या माणसाकडं मागा आणि मजा बघा.

पहिल्यांदा मागितला तेव्हा म्हणाला, "अरे बस की, आत्ताच आलायस." दुसऱ्यांदा म्हणाला, "पगार चालू झालाय ना? मग नंबर घेऊन काय ओवाळणार आहेस?" तिसऱ्यांदा भांडी घासत होता. नळ बंद केला नाही, वळूनही बघितलं नाही. "घर माझ्या नावावर नाही रे. मूळ मालकाला कळलं तर मी अडचणीत येईन. तू समजून घे, तू आपला माणूस आहेस."

घेतलं समजून. पगार करणाऱ्या बाईंनी मात्र समजून घेतलं नाही. नंबर नसला की तिकडं माणसाला कराच्या सहाव्या वर्गात टाकतात. हा वर्ग खरं तर दुसरी नोकरी करणाऱ्यांसाठी, त्यात सवलत काही धरत नाहीत आणि कपात सगळ्यात जास्त. पहिल्या पगाराची पावती हातात आली तेव्हा मला वाटलं दुसऱ्याचीच दिली. निम्मा पगार गायब. नंतर हिशेब होतो, पैसे मिळतात, मान्य. पण त्या महिन्यात भाड्याला काय नंतरचे पैसे देऊ? भाडं तर एक तारखेला सकाळी सातला दार वाजवून घ्यायचा हा गडी. सहाशे मोजून घ्यायला बोटं चालतात, सही करायला चालत नाहीत!

आणि हे सगळं माहीत असून. १ नोव्हेंबर २०१५ पासून तिथं कायदाच आहे, घर देणाऱ्यानं हा कागद द्यायचाच. दिला नाही तर हजार युरोपर्यंत दंड. त्याला हे पाठ होतं, मला नव्हतं. त्याच्या खोलीत माझ्या आधी दोघं राहून गेले होते, दोघंही आपलीच पोरं, दोघांनीही असाच कागद मागितला असणार. असला धंदा जर्मन माणसाशी करून दाखव की! नाही करणार. जर्मन माणूस थेट नोंदणी कार्यालयात जाऊन सांगेल, मालक सही देत नाही म्हणून. सांगायचंच असतं तिथं. आपला माणूस सांगत नाही. रस्सा खाल्लेला असतो ना.

असो. सल्ले देतोय मी. शांत.

नंबर फोनवर विचारून बघा. सांगत नाहीत. ईमेलवरही नाही. फक्त टपालानं.

टपालाच्या डब्यावर नाव लावायला विसरा. मी तिसऱ्या महिन्यात घर बदललं. नव्या घराच्या जर्मन आजींनी चहा यायच्या आधी सही करून दिली आणि बजावलं, डब्यावर नाव लाव. मला वाटलं, लावू सवडीनं. इथं आमच्या घराला 'पाटील, राजारामपुरी, गिरणीच्या मागं' एवढ्यावर पत्र येतं, पोस्टमन आईच्या गुडघ्याची चौकशी करून जातो. तिकडच्या पोस्टमनला डब्यावर पाटील दिसला नाही, पत्र गेलं परत. पुन्हा मागणी, पुन्हा काही आठवडे. मग चटणीच्या पाकिटावरचा कागद फाडला, मागच्या कोऱ्या बाजूला आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीनं लावलं. ती चूक माझी, त्याबद्दल कुणाला बोलत नाही.

आता रविवारचं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आहे. गडहिंग्लजकडचा, शिरोली एमआयडीसीत नोकरी. भाडं महिना नऊ हजार, न चुकता. रविवारी खाली आला, चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच उभा राहिला. "काका, ऑफिसात घरभाड्याची सवलत दाखवायचीय. वर्षाचं भाडं लाखाच्या वर जातं, म्हणून तुमचा पॅन नंबर पाहिजे. आणि भाडेकरार पण."

आबांनी पेपरातनं डोकं वर काढलं नाही. "पॅन कशाला? माझ्या नावावर कर्ज काढशील. आणि करार बिरार कशाला? तू काय परका हाईस व्हय? आपलाच माणूस तू."

मी पोहे खात होतो. घास तिथंच थांबला. तोच आवाज! फक्त नळ वाहत नव्हता.

पोरगं "बरं काका" म्हणून वर गेलं. मीही तेव्हा असंच "बरं दादा" म्हणून खोलीत गेलो होतो.

आबा, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून लिहितोय, आणि गल्लीतले तुमचे दोस्तही वाचतील म्हणून जरा मोठ्यानं लिहितोय. कर्ज काढेल ही थाप आहे. नऊ हजार गुणिले बारा तुमच्या उत्पन्नात दिसतील, ही खरी भीती आहे. तुमचा कर वाचावा म्हणून त्या पोरानं त्याचा जास्त भरायचा? भाडेकरार लेखी करून नोंदवायचा हा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. माझा पगार निम्मा आला तेव्हा फोनवर त्या माणसाला शिव्या कुणी घातल्या होत्या? "आपल्या माणसाला लुबाडतोय भाड्या" कोण म्हणालं होतं? तुम्हीच. लाज वाटायला पाहिजे आपल्याला, मलाही धरून, कारण सहा वर्षं मीही या घराचं भाडं कुठनं येतं ते विचारलं नाही.

कराराचा मसुदा टीव्हीखालच्या खणात ठेवलाय. पॅन कार्ड तुमच्या पाकिटात आहे, एसटीच्या पासमागं. शनिवारी माझं विमान आहे. त्याच्या आधी त्या पोराला खाली हाक मारा.